अश्वगंधा चालू असताना टीएसएच ०.२ आला, थायरॉइडची गोळी निम्मी करायची का?

ताई, गोळीच्या डोसला आत्ताच हात लावू नका. तुम्ही लिहिलंय की वहिनींना थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम चालू आहे, दोन महिन्यांपासून अश्वगंधाची कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ आणि केसगळतीसाठी चघळायची ‘हर्बल’ गमी, टीएसएच ५.८ वरून ०.२ वर आला. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा हार्मोन; रक्तात थायरॉइडचा हार्मोन जास्त झाला की तो उतरतो. झाडपाल्याच्या औषधांनी हार्मोन हलतात का? काहींनी हलतात. पण इथे हार्मोन हललाय की नुसता रिपोर्ट, हे आधी बघायला हवं.

गमीची डबी उलटी करून वाचा. पुढे भृंगराजाचं चित्र असलं तरी मागे बहुतेक वेळा बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) निघतं, ५,००० किंवा १०,००० मायक्रोग्रॅम. रोजची गरज ३०-४० ची! बऱ्याच लॅबच्या किटमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त झालं की टीएसएच खोटा कमी आणि एफटी४ (रक्तातला मोकळा थायरॉइड हार्मोन) खोटा जास्त येतो. रिपोर्ट थेट हायपरथायरॉइडचा, म्हणजे थायरॉइड जास्त झाल्याचा, माणूस ठणठणीत.

अश्वगंधाचा परिणाम मात्र खरा असू शकतो. टीएसएच किंचित वाढलेल्या लोकांवरच्या एका छोट्या चाचणीत रोज ६०० मिलिग्रॅम मुळाच्या अर्काने ८ आठवड्यांत टी३, टी४ हे थायरॉइडचे हार्मोन वाढले, टीएसएच उतरला. वर थायरॉक्सिन चालू असेल तर दोन्हींची बेरीज होते. मंडईजवळ काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं चूर्ण आणि कॅप्सूलमधला अर्क यांचं मिलिग्रॅमला मिलिग्रॅम गणित लावू नका, अर्क कितीतरी तीव्र असतो.

आता करायचं काय? कॅप्सूल आणि गमी दोन्ही बंद. तीन दिवसांनी, त्याच लॅबमध्ये, सकाळची गोळी घेण्याआधी टीएसएच आणि एफटी४ साठी रक्त द्या. टीएसएच एकदम ३-४ वर दिसला तर दोष गमीचा, कारण खरा दबलेला टीएसएच तीन दिवसांत एवढा चढत नाही, त्याला आठवडे लागतात. अजून खालीच असेल तर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळीचा डोस ते ठरवतील, आणि पुढची तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी. धडधड, हाताला कंप, झपाट्याने वजन उतरणं, गरोदरपण किंवा हृदयाचा त्रास यातलं काहीही असेल तर तीन दिवस थांबायचं नाही. अंगाला खाज, गडद लघवी, पिवळे डोळे दिसले तरी तसंच. अश्वगंधाने क्वचित यकृताला इजा होते.

शतावरी कल्पाने इस्ट्रोजेन वाढतं म्हणतात, त्याला माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. कल्पातल्या साखरेने रक्तातली साखर मात्र वाढू शकते.

सासूबाईंच्या काढ्यातल्या ज्येष्ठमधाकडे जास्त लक्ष द्या. खोकल्यापुरते चार दिवस ठीक. महिनोन्महिने रोज चमचाभर घेतलं तर कॉर्टिसोल (शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड) निष्प्रभ करणारं मूत्रपिंडातलं एन्झाइम अडतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. त्यांना बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर पोटॅशियम आणखी घसरू शकतं, म्हणून त्यांचं सोडियम-पोटॅशियम तपासून घ्या.

आणि गुडघ्यासाठी त्या घेतात ती बिनलेबलची पुडी? चेहरा गोल होतोय, साखर वाढतेय असं असेल तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. ती मात्र एका दिवसात बंद करू नका, शरीराने स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं थांबवलेलं असतं. पुडीसकट लगेच डॉक्टरांकडे न्या.