ट्यूबवर १०३, चोकवर १९६ आणि सप्लाय २३०: मीटर बिघडलाय का?

तुमचा प्रश्न असा: प्रॅक्टिकलला ४० वॉटच्या ट्यूबलाइटचं सर्किट जोडलं, ट्यूबवर १०३ व्होल्ट आले, तांब्याच्या चोकवर (ट्यूबचा करंट आवरणारी, लोखंडी गाभ्यावरची तारेची गुंडाळी) १९६. बेरीज २९९, सप्लाय २३०. मग वरचे ६९ व्होल्ट आले कुठून?

मीटर ठणठणीत आहे. डिप्लोमाला असताना बेरीज जुळावी म्हणून मी जर्नलमध्ये चोकचं रीडिंग चक्क १२७ लिहून टाकलं होतं. सरांनी पानावर लाल पेनाने फक्त एक काटकोन त्रिकोण काढून दिला.

किर्चहॉफचा नियम (सिरीजमधल्या भागांवरच्या व्होल्टेजची बेरीज सप्लायइतकी) एसीतही मोडत नाही, पण तो त्या-त्या क्षणाला लागू असतो. मीटर क्षण दाखवत नाही, आरएमएस दाखवतो, म्हणजे सतत बदलत्या लहरीची एक प्रकारची सरासरी. (आपण २३० म्हणतो तोही आरएमएसच, शिखर ३२५ च्या घरात.) ट्यूब आणि चोक सिरीजमध्ये आहेत, म्हणजे दोघांतून करंट एकच. ट्यूबवरचा व्होल्टेज करंटसोबत दिशा बदलतो. चोकला मात्र करंट किती आहे याचं सोयरसुतक नाही, तो किती झपाट्याने बदलतोय एवढंच त्याला कळतं. झोका टोकाला क्षणभर थांबतो आणि मधून जाताना सर्वांत जोरात असतो ना, तसंच. करंट शिखरावर असताना चोकवर जवळपास शून्य, करंट शून्यातून जाताना चोकवर सर्वाधिक. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणून ट्यूब आणि चोकवरच्या व्होल्टेजांत ५ मिलिसेकंदांची चुकामूक. म्हणजे पाव आवर्तन, ९० अंश; म्हणूनच ते सरळ न मिळवता सरांच्या काटकोन त्रिकोणाने मिळवायचे.

आता हिशोब. करंट ०.४३ अँपियर. चोक गरम होतो, त्यात साधारण १० वॉट जातात, म्हणजे त्याचे २३ व्होल्ट करंटच्याच दिशेचे. त्रिकोणाची आडवी बाजू, म्हणजे करंटच्या दिशेचे सगळे व्होल्ट, १०३ + २३ = १२६. १९६ च्या वर्गातून २३ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं की उभी बाजू १९५. १२६ आणि १९५ चा कर्ण २३२. ट्यूबवरची लहर शुद्ध साइन नसते, त्यामुळे दोन-चार व्होल्ट इकडेतिकडे होणारच.

खरी गंमत पुढे आहे. सप्लायच्या दोन टोकांत ३.६ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघा. तो स्वतः ०.२६ अँपियर घेतो, ट्यूबचे ०.४३ तसेच राहतात, आणि मेन लाइनचा एमीटर ०.४३ वरून ०.२६ च्या आसपास उतरतो! वॉटमीटर जवळपास हलत नाही. चोक मागे रेंगाळतो, कपॅसिटर पुढे पळतो, दोघं आपसात देवाणघेवाण करतात आणि वायरवरचा तेवढा भार कमी होतो. पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपियरपैकी खरोखर वॉट म्हणून खर्च होणारा वाटा) ०.५ च्या आसपासवरून ०.९ च्या जवळ जातो. वायवाच्या आधी हे एमीटरवर डोळ्यांनी बघून घ्या, पाठ करायची गरज पडणार नाही.

फक्त सप्लाय बंद केल्यावर कपॅसिटरच्या टोकांना लगेच हात लावू नका, आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा. मी लावलाय, कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या.