बाळंतिणीचा शेक, पातळ पेज आणि पोटावरचे चटके

प्रश्न : माझी मुलगी डॉक्टर असून सध्या मेळघाटात, धारणी तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. तिथल्या पाड्यांवर कोरकू बाळंतिणींना विस्तवाजवळ झोपवतात, पहिले काही दिवस नुसत्या पातळ पेजेवर ठेवतात आणि बाळाचे पोट फुगले की भूमकाकडून (गावातल्या पारंपरिक वैदूकडून) चटके देववतात, असे ती सांगते. या साऱ्या चाली तिने बंद पाडाव्यात का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, सरसकट बंदी घातली तर त्या बाया तिच्याकडे यायच्याच थांबतील. प्रत्येक चालीने बाळंतिणीचे आणि बाळाचे नेमके काय होते, हे पाहून तिने वेगवेगळा निर्णय घ्यावा.

विस्तवामागचा हेतू योग्य आहे. नवजात बाळ, विशेषतः कमी वजनाचे, झटकन गार पडते आणि त्यात दगावूही शकते. नडतो तो धूर. आणि दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत धूर न करणारे निखारेही विषारी वायू सोडतात. आपल्या सोलापुरात बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-बाळंतशेपांची धुरी देणाऱ्या घरांनाही हे तितकेच लागू आहे. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून दोघांना पांघरूण घालावे, बाळाच्या डोक्याला टोपडे बांधावे आणि पहिली अंघोळ किमान 24 तास लांबवावी, एवढ्याने ऊब पुरेशी मिळते. सासूला हे करून दाखवले की पटते, कारण तिलाही ऊबच हवी असते.

पेज वाईट नाही, नुसती पेज वाईट. अंगावर पाजणाऱ्या आईला एरवीपेक्षा जास्त अन्न आणि भरपूर पाणी लागते. पेज बंद करायला न सांगता तिच्या जोडीला डाळ, अंडे, पालेभाजी सुचवावी. आदिवासी भागातील अंगणवाड्यांतून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे चौरस जेवण मिळते, ते बाळंतिणीपर्यंत खरोखर पोहोचते का, याकडेही तिने लक्ष ठेवावे. लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस चालू राहायला हव्यात.

चटक्यांबाबत मात्र तडजोड नको. पोट फुगणे हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाचे लक्षण असते. न्यूमोनियात श्वास ओढताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जातो, पोट भराभर हलते आणि घरच्यांना दुखणे पोटाचेच वाटते. त्यावर तापलेला विळा टेकवला की भाजलेल्या कातडीतून आणखी जंतू शिरतात आणि दवाखान्यात पोहोचण्याचा मोलाचा वेळ जातो. घरच्यांना एकच गोष्ट शिकवावी: शांत झोपलेल्या बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे, आणि 60 किंवा अधिक भरले तर लगेच 108 ला फोन करायचा. भूमकाला तुच्छ लेखून हे साधणार नाही, कारण आजारी बाळ आधी त्याच्याच दारात जाते. असे बाळ दिसताच त्यानेच पुढे पाठवावे, इतका विश्वास तिने त्याच्याशी बोलून कमवावा.

गावातल्याच बाईच्या हातून हे काम होते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यांतील स्त्रियांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात नवजात मृत्युदर सुमारे 62 टक्क्यांनी घटला होता.

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात. बाळंतपण घरीच झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्या भेटींत बाळाइतकीच आईचीही विचारपूस व्हावी. अंगावरून फार जाणे किंवा त्याला घाण वास येणे, 100.4 अंशांवर ताप, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, यांपैकी काहीही दिसले तर सव्वा महिना पुरा होण्याची वाट न पाहता तिला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला हवे.