मुलीने ही प्रेमकथा वाचावी का?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ‘दिल बेचारा’ हा हिंदी चित्रपट पाहिल्यावर, तो ज्या इंग्रजी कादंबरीवर बेतला आहे ती जॉन ग्रीन यांची ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ तिने मैत्रिणीकडून आणली. तिच्याआधी मी ती वाचून काढली. कर्करोग झालेली सोळा वर्षांची मुलगी, सतरा वर्षांचा मुलगा, त्यांचे प्रेम, परदेशातील हॉटेलात घडलेला शरीरसंबंध आणि अखेर मृत्यू, हे वाचून मी अस्वस्थ झाले. आजारपणाला आणि मरणाला प्रेमाचा मुलामा दिला आहे, असे माझे मत झाले. मुलीला हे पुस्तक वाचू द्यावे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : पुस्तक काढून घेण्याआधी आपण ते स्वतः वाचलेत, हे फार चांगले झाले. मुलीला ते जरूर वाचू द्यावे, असे माझे मत आहे आणि त्याचे मुख्य कारण त्यातील प्रेमिकांपेक्षा त्यातील आईवडील हे आहे.

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीतील हेझल इंडियानापोलिसमध्ये राहते. थायरॉइडचा कर्करोग फुप्फुसांत पसरल्यामुळे ऑक्सिजनचे सिलिंडर तिला सतत सोबत न्यावे लागते. स्वतःच्या मरणापेक्षा आपल्यामागे आईबाबांचे काय होईल, याची तिला अधिक धास्ती आहे. पूर्वी ती अतिदक्षता विभागात अत्यवस्थ असताना, आपण आता आई उरणार नाही, असे आई रडत रडत वडिलांना म्हणाली होती आणि ते हेझलच्या कानी पडले होते. ते शब्द तिच्या मनात रुतून बसले आहेत. शेवटाकडे कळते, की आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यासक्रम शिकते आहे आणि मुलगी गेल्यानंतरच्या आयुष्याची तजवीज चालली आहे असे हेझलला वाटू नये, म्हणून तिने ते लपवले होते. हेझलला मात्र त्याने आनंदच होतो. आईलाही तिचे स्वतःचे आयुष्य असते, हे नववीतल्या मुलीला इतक्या जवळून दाखवणाऱ्या प्रेमकथा मला तरी फारशा आढळलेल्या नाहीत.

मुलाम्याविषयीचा आपला आक्षेप पूर्वार्धापुरता मला मान्य आहे. न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून हेझलचा प्रियकर ऑगस्टस त्यावर तत्त्वज्ञान सांगतो. त्या वयाची मुले सहसा असे बोलत नाहीत. परंतु दोघे ॲमस्टरडॅमच्या सहलीहून (आपण उल्लेखलेले हॉटेल तेथलेच) परतल्यावर लेखक तो मुलामा स्वतःच खरवडून काढतो. सिगारेटचे पाकीट स्वतः विकत घेता यावे, एवढ्यासाठी रात्री एकटाच गाडी घेऊन निघालेला ऑगस्टस पेट्रोल पंपावर हेझलला सापडतो, तेव्हा तो उलटीने माखलेला असतो, पोटात बसवलेल्या नळीच्या जागी जंतुसंसर्ग झालेला असतो, आणि रुग्णवाहिका बोलावू नकोस, अशी तो तिची विनवणी करतो. लेखकाने तरुणपणी लहान मुलांच्या रुग्णालयात धर्मसेवक म्हणून, म्हणजे रुग्णांना आणि त्यांच्या कुटुंबांना आध्यात्मिक आधार देण्याचे, काम केले होते, हे या पानांवर जाणवते. मरण सुंदर असते, असा समज हा प्रसंग वाचून कोणाचाही होणार नाही.

हॉटेलातील प्रसंग मोजक्या ओळींचा आहे. ऑक्सिजनच्या नळीत अडकणारे कपडे आणि दोघांचा संकोच यांपलीकडे तेथे भडक असे काही नाही. तरीही त्याविषयी मुलीशी बोलणे टाळू नये, कारण आपण गप्प राहिलात तर ती चर्चा मैत्रिणींतच होईल. मला त्याहून अधिक खटकते ते ॲन फ्रँकच्या घरातील चुंबन आणि त्यावर इतर पर्यटकांनी वाजवलेल्या टाळ्या. नाझींपासून लपून राहिलेल्या आणि पुढे छळछावणीत मरण पावलेल्या मुलीची ती जागा आहे. हा प्रसंग तेथे शोभतो का, हे मुलीला अवश्य विचारावे आणि तिचे मत आपल्यापेक्षा वेगळे निघाले, तरी ते पुरते ऐकून घ्यावे.

तिला एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. हेझलला जगवणारे औषध लेखकाने कल्पिलेले आहे आणि तसे त्यानेच पुस्तकाच्या अखेरीस स्पष्ट केले आहे. आपल्या पत्रात तसा उल्लेख नाही; परंतु घरात किंवा तिच्या मैत्रिणींच्या घरी अलीकडे कोणी कर्करोगाने गेले असेल, तर मात्र हे पुस्तक काही महिने बाजूला ठेवावे आणि त्यामागचे कारण तिला मोकळेपणाने सांगावे.