बिल्ड होतंय, मग झोप का उडालीय?

"बिल्ड होतंय हो, पण रोज त्या पिवळ्या ओळी. माझंच काहीतरी चुकतंय." समोरच्या तरुणाची नोकरी चार महिन्यांची. आधीचा माणूस सोडून गेलेला आणि सीमेकची (CMake, म्हणजे कोडमधून प्रोग्राम कसा बिल्ड करायचा, बांधायचा, ते ठरवणारं साधन) सगळी मांडणी याच्या गळ्यात. डेप्रिकेशन वॉर्निंग, म्हणजे 'ही जुनी पद्धत पुढे बंद होणार' असा इशारा, हा आपल्या कामावरचा शेरा, असं वाटणारे माझ्याकडे बरेच येतात.

मी विचारलं, "त्यात लिहिलंय काय?"

तो गप्प. मजकूर वाचलाच नव्हता. वॉर्निंग दडपणारा फ्लॅग, म्हणजे आज्ञेला जोडायचा पर्याय, तेवढा शोधून ठेवला होता. (सगळेच ठेवतात. मीही ठेवला होता.)

मग लॅपटॉप उघडून आम्ही दोघांनी वाचलं. सीमेक फाईलचं नाव आणि ओळ क्रमांक देतं, हे त्याने तेव्हा पाहिलं. एक वॉर्निंग त्याच्याच फाईलच्या पहिल्या ओळीची: सीमेकची किमान आवृत्ती २.८. ती ओळ लिहिली गेली तेव्हा तो शाळेत असेल! बाकीच्या सगळ्या बाहेरून आणलेल्या एका लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या. म्हणजे त्याने केलेली चूक एकही नाही.

पण दडपायचं नाही, हे मी ठामपणे सांगितलं. ३.५ पूर्वीच्या आवृत्त्यांची सोय बंद होणार, असं सीमेक २०२३ मधल्या ३.२७ पासून सांगत होतं. मार्च २०२५ मध्ये ४.० आलं आणि तीच ओळ एरर झाली. ज्यांनी फ्लॅग लावला होता, त्यांना मधल्या काळात काही दिसलंच नाही.

"मग आकडा बदलतो," तो लगेच म्हणाला. थांबवावं लागलं. त्या आकड्यावर सीमेकच्या पॉलिसी, म्हणजे एखादी गोष्ट जुन्या पद्धतीने करायची की नव्या याचे नियम, ठरतात. तो वाढवला की काही गोष्टींचं वागणं बदलू शकतं. म्हणून वेगळी ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा), त्यात फक्त हाच बदल, आणि आधीच्या बिल्डशी ताडून पाहणं. लायब्ररीच्या फाईलला हात लावायचा नाही. तिची नवी आवृत्ती घ्यायची, नसेल तर तिच्या कर्त्यांना कळवायचं. ४.० वर अडलंच तर किमान पॉलिसी ३.५ धरायला सांगणारं व्हेरिएबल आहे, पण ती कुबडी. शेजारी कॉमेंटमध्ये तारीख टाकायची.

आठवड्याने त्याचा फोन. स्वतःची ओळ मिटली होती, लायब्ररीची एक उरली होती. कळवून झालं होतं.

"फ्लॅग लावला नाही. ती एक दिसत राहते. दिसू दे ना?"

"दिसू दे."