गे डिटेक्टिव्हचे रहस्यपट: वेगळं काय असतं, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न असा आहे: नायक गे असला की रहस्यपटात नेमकं काय बदलतं? की फक्त नायिकेच्या जागी दुसरा पुरुष येतो, एवढंच? आणि बघायचेच झाले तर कोणते बघावेत?

बदलतो तो तपास. नेहमीच्या रहस्यपटात जो खोटं बोलतो त्याच्यावर संशय घ्यायचा असतो. इथे जवळपास सगळेच खोटं बोलतात आणि त्यातल्या बहुतेकांचा खुनाशी काडीचा संबंध नसतो. कुणाला नोकरी टिकवायची असते, कुणाला संसार. हा माणूस गुन्हा लपवतोय की स्वतःला, हे शोधणाऱ्याला आधी ओळखावं लागतं. प्रेक्षकाला चकवण्यासाठी लेखकाला ओढूनताणून खोटे धागे पेरावे लागत नाहीत, ते पात्रांच्या जगण्यातच असतात. माझ्या मते या चित्रपटांची खरी ओढ हीच आहे, आणि ती गे नसलेल्या प्रेक्षकालाही तितकीच लागते.

सुरुवात ‘व्हिक्टिम’पासून करा. बेसिल डिअर्डन यांचा १९६१ चा ब्रिटिश, कृष्णधवल चित्रपट. यातला नायक मेलव्हिल फार (Farr) हा पेशाने डिटेक्टिव्ह नाही, लंडनमधला नावाजलेला, विवाहित बॅरिस्टर आहे. भूमिका डर्क बोगार्ड यांची. बांधकाम कंपनीतला एक तरुण कारकून २३०० पौंडांची अफरातफर करून पळतोय. तो पकडला जातो आणि कोठडीत गळफास घेतो. पैसे त्याने उडवलेले नसतात, ब्लॅकमेलरांच्या घशात घातलेले असतात, तेही फारचं नाव बाहेर येऊ नये म्हणून. हे कळल्यावर मेलव्हिल स्वतः शोधाला लागतो. पुढचं सांगत नाही.

पहिली वीसेक मिनिटं मात्र मोबाइल बाजूला ठेवून बघा. तो मुलगा एकेका ओळखीच्या माणसाकडे मदत मागत फिरतो आणि प्रत्येक जण त्याला टाळतो. का टाळतो ते कुणीच उघड बोलत नाही. शेवट कळल्यावर हाच भाग पुन्हा बघितला तर प्रत्येक वाक्याला दुसरा अर्थ लागतो.

या कथेची पकड कायद्यात आहे. ब्लॅकमेलच्या कुठल्याही गोष्टीत प्रेक्षक विचारतो, ‘मग हा पोलिसांत का जात नाही?’ तिथे लेखकाची तारांबळ उडते. इथे पोलिसांत जाणाराच आधी आत जाणार, कारण पुरुषांमधले संबंध हाच गुन्हा होता. इंग्लंडमधल्या १८८५ च्या त्या तरतुदीला लोक ‘ब्लॅकमेलरांची सनद’ म्हणत. सरकारने नेमलेल्या वुल्फेंडन समितीने १९५७ मध्ये बदल सुचवला, पण इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलायला १९६७ उजाडलं, आणि तोही फक्त २१ वर्षांवरच्या पुरुषांसाठी. आपल्याकडे इंग्रजांनीच आणलेलं कलम ३७७ अशा संबंधांना ६ सप्टेंबर २०१८ पर्यंत लागू होतं, त्यामुळे ही भीती मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही.

त्यानंतर डोनाल्ड स्ट्रेची. हा मात्र पक्का व्यावसायिक खासगी डिटेक्टिव्ह, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहरातला. रिचर्ड स्टीव्हन्सन या टोपणनावाने लिहिलेल्या कादंबऱ्यांवर चार टीव्हीपट निघाले: ‘थर्ड मॅन आउट’ (२००५), ‘शॉक टू द सिस्टिम’ (२००६), ‘ऑन द अदर हँड, डेथ’ आणि ‘आइस ब्लूज’ (दोन्ही २००८). चारही रॉन ऑलिव्हर यांनी दिग्दर्शित केले, स्ट्रेची झाले चॅड अ‍ॅलन. बजेट बेताचं आहे आणि ते दिसतं. मारामाऱ्या यथातथा आहेत, खुनी कोण हे सराईत प्रेक्षकाला लवकर कळू शकतं. तरी हे चित्रपट जीव लावतात, याचं कारण टिम. स्ट्रेची दमून घरी येतो तेव्हा त्याचा जोडीदार टिम तिथे असतो, त्याला केसबद्दल विचारतो, कधी कागदपत्रं मिळवून देतो, कधी चांगलाच रागावतो. अर्नाळकरांच्या झुंजारला विजया होती, तसा याला टिम. पडद्यावरचा गे माणूस एकतर प्रेत नाहीतर खुनी, असं वर्षानुवर्षं बघितलेल्या प्रेक्षकाला हा साधा संसार किती मोलाचा वाटत असेल!

चारांपैकी सर्वांत घट्ट बांधलेला मला दुसरा वाटतो. समलिंगी माणसांना ‘बरं’ करण्याचा दावा करणाऱ्या डॉक्टरच्या गटात स्ट्रेची रुग्ण बनून शिरतो. तिथे त्याला स्वतःबद्दल नाखूश असल्याचं सोंग आणायचं असतं, आणि ते आणताना त्याच्या सैन्यातल्या दिवसांची जुनी जखम उघडी पडते. तपास आणि माणूस इथे वेगळे करताच येत नाहीत. पहिल्या चित्रपटाची कल्पनाही नामी आहे: अशिलाचा उद्योगच मुळी लपून राहिलेल्या गे लोकांची नावं जाहीर करण्याचा. त्याच्या फायलीतलं प्रत्येक नाव आपोआप संशयित होतं. खुद्द अ‍ॅलन यांचं गुपित १९९६ मध्ये एका टॅब्लॉइडने फोटो छापून फोडलं होतं, हे माहीत असेल तर तो चित्रपट आणखी बोचतो.

तिसरा टप्पा, ‘स्ट्रेंजर बाय द लेक’ (२०१३), दिग्दर्शक अ‍ॅलाँ गिरोदी. फ्रेंच आहे, शरीरसंबंधांची दृश्यं अगदी उघड आहेत, तेव्हा घरच्यांसोबत लावू नका. सगळा चित्रपट पुरुष पुरुषांना भेटायला येतात अशा एका तळ्याकाठी घडतो, पार्श्वसंगीत नाही. खून आपल्या डोळ्यांसमोर होतो, त्यामुळे खुनी कोण हा प्रश्नच उरत नाही. अडचण पोलीस इन्स्पेक्टरची आहे. इथे येणारे एकमेकांची नावंसुद्धा विचारत नाहीत, मग साक्ष कोण देणार?

जुने हॉलिवूडपट बघताना एवढं ध्यानात ठेवा की हेज संहितेच्या (पडद्यावर काय दाखवायचं नाही हे ठरवणाऱ्या हॉलिवूडच्या नियमांच्या) काळात, म्हणजे १९३४ पासून १९६८ पर्यंत, बराच काळ हा विषय पडद्यावर उघड मांडायला बंदीच होती. म्हणून १९४१ च्या ‘द मॉल्टीज फाल्कन’मध्ये जोएल कैरो हे पात्र गे असल्याचं फक्त सुचवलं जातं, त्याच्या व्हिजिटिंग कार्डाला येणाऱ्या गार्डेनिया फुलाच्या सुगंधातून. १९८० च्या ‘क्रूझिंग’पासून सुरुवात करू नका. त्यात गे जग म्हणजे बहुतांशी भयाचा देखावा आहे. न्यूयॉर्कमधल्या गे रहिवाशांनी चित्रीकरण चालू असतानाच निदर्शनं केली होती आणि त्यांचा राग मला रास्त वाटतो.

‘ग्लास अनियन’ (२०२२) या यादीत मी मुद्दाम धरलेला नाही. त्यातला डिटेक्टिव्ह बेन्वा ब्लाँक याच्या घराचं दार त्याचा जोडीदार उघडतो, ते दृश्य छान आहे, पण ते काढून टाकलं तरी तपासाचा एक टाकाही उसवत नाही. नवा चित्रपट निवडताना हीच कसोटी लावा. आणि ‘व्हिक्टिम’ बघताना इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा. महत्त्वाची बरीच वाक्यं अर्धवट तोडलेली आणि हळू आवाजात आहेत.