रेडिएटर रात्री ठोके का देतो? व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवला तर चालेल का?

ब्रुकलिनच्या जुन्या बिल्डिंगीत तुमचा बेडरूममधला रेडिएटर (वाफेवर खोली तापवणारं बिडाचं धूड) रात्री हातोडा मारल्यागत वाजतोय, व्हॉल्व्ह अर्धा फिरवल्यावर जास्तच वाजायला लागला, आणि बॉयलर फुटेल का असं तुम्ही विचारलंय. ठोक्यानं बॉयलर फुटत नसतो, सांधे मात्र हळूहळू गळायला लागतात. आधी तो व्हॉल्व्ह पूर्ण उघडा.

मी कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्यात बॉयलर हाऊसला आहे. आमची वाफ चौरस सेंटिमीटरला ४५ किलो दाबाची, तुमच्याकडं साधारण २ पीएसआयच्या, म्हणजे जेमतेम ०.१४ किलोच्या आतच असायला हवी. तरी वाफेचा स्वभाव तोच. तिची खरी ऊब तिचं पाणी होताना मिळते, किलोमागं सुमारे ५४० किलोकॅलरी. रेडिएटरला एकच पाईप असेल तर वाफ तिथूनच येते आणि झालेलं पाणीही तिथूनच परत जातं. अर्ध्या व्हॉल्व्हमध्ये दोघांची गाठ पडते, पाणी अडतं, आणि मागून आलेली वाफ ते उचलून बेंडवर आपटते. आम्ही याला हॅमर म्हणतो. सीझनला गार लाईनमध्ये वाफ सोडताना आधी ड्रेन उघडे करतात, मग मेन व्हॉल्व्ह अगदी सावकाश. घाई करणाऱ्याला हेडफायरमनच्या शिव्या ठरलेल्या.

व्हॉल्व्ह उघडूनही वाजलं तर लेव्हल लावून बघा. जुनी फरशी खचते, रेडिएटर व्हॉल्व्हच्या उलट्या बाजूला कलतो आणि पाणी आतच साचतं. तो गार असताना व्हॉल्व्हच्या विरुद्ध टोकाच्या पायांखाली पातळ चकत्या सरकवा. वजन फार असतं, एकट्यानं उचलू नका.

रेडिएटरवर हवा सोडणारी छोटी झडप असते, ती व्हेंट. सुरुवातीला व्हेंट फुसफुसतो तो हवा बाहेर पडते म्हणून. तापल्यावर तो मिटला पाहिजे. सतत फुसफुसत असेल किंवा पाणी थुंकत असेल तर बदला. खोली फार तापत असेल तर ऊब कमी करायचीही तिथूनच: हळू सोडणारा व्हेंट बसवा.

एवढ्यानं भागलं नाही तर दोष खाली बॉयलर रूममध्ये: दाब जास्त लावलेला, पाण्यात तेल-गाळ, नाहीतर पाईपवरचं लॅगिंग (ऊब धरून ठेवणारं वेष्टण) उडालेलं. ते तुमच्या सुपरचं, म्हणजे बिल्डिंगची देखभाल बघणाऱ्याचं काम. खरी भीती ठोक्याची नाही, बॉयलरमधलं पाणी कमी होण्याची, आणि कोरड्या तापलेल्या बॉयलरमध्ये कुणी गार पाणी सोडण्याची. म्हणून लो-वॉटर कटऑफ (पाणी कमी झालं की बॉयलर बंद करणारं यंत्र) फ्लोटचा असेल तर दर आठवड्याला त्याचा ब्लोडाऊन, म्हणजे गाळ-पाणी सोडून सफाई, होते का, हे सुपरला जरूर विचारा.

आणि आवाजाची तक्रार केली म्हणून मालकानं हीटिंगच बंद केलं तर ऐकून घेऊ नका. न्यूयॉर्कात १ ऑक्टोबर ते ३१ मे, बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली असेल तर सकाळी ६ ते रात्री १० घरात किमान ६८, आणि रात्रभर किमान ६२ ठेवणं त्याला बंधनकारक आहे. नाही ठेवलं तर ३११ ला, म्हणजे शहराच्या तक्रार नंबरला, फोन लावा.