आधी चिमटा हलवून बघा, मग शॉकअपचं बोलू

पावसाळा संपला की आमच्या टपालाचा रंग बदलतो. आधी दोन महिने 'गाडी चालू होत नाही' असली पत्रं, आणि मग एकदम सगळ्यांच्या गाड्या मागून बोलायला लागतात. या वेळी तीन पत्रं निवडलीत, पहिल्याला जरा जास्तच जागा दिलीय कारण तो प्रश्न निम्म्या लोकांचा आहे.

प्रश्न : काका नमस्कार. आजोबांची 1978 ची येझदी मोटारसायकल आहे, बरीच वर्षं गोठ्याशेजारच्या शेडमध्ये होती. इंजिन करून घेतलं, आता दुसऱ्या किकला लागते. पण गगनबावड्याच्या रस्त्याला वळणात मागची बाजू डुलते, कुणीतरी मागून सीट धरून हलवल्यासारखं वाटतं, आणि खड्ड्यात गेली की ठण्ण आवाज येतो. मेस्त्री म्हणाला दोन्ही शॉकअप काढून टाक, नवीन जोडी घाल. मला जुनेच ठेवायचेत. घरी खोलता येतील का? पाने, हातोडी आणि एक छोटा व्हाईस आहे. — एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावा, खोलता येतील, पण आधी ते खरंच बिघडलेत का ते बघ. वळणात डुलणं हे बहुतेक वेळा शॉकअपचं दुखणंच नसतं, ते असतं चिमट्याच्या बुशचं (चिमटा म्हणजे मागचं चाक धरणारा दोन पायांचा दांडा, तो पुढं फ्रेमला एका पिनवर वरखाली होतो, आणि त्या पिनभोवतीच्या नळ्या म्हणजे बुश), आणि लोक शॉकअप बदलतात, चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. मी स्वतः हे केलंय म्हणून सांगतो.

गाडी मेन स्टँडवर घे, मागचं चाक हवेत. एका हातानं फ्रेम धर, दुसऱ्या हातानं चिमट्याचं मागचं टोक धरून आडवं हलव, डावीकडं उजवीकडं. फ्रेमच्या हिशोबानं चिमटा हलला, जरासा जरी 'टक' जाणवला तरी बुश गेलेत. चिमटा गप आणि नुसतं चाकच हलतंय तर बेअरिंग. आणि एकदा सगळ्या स्पोकवर पान्यानं टिचकी मारत जा, जो स्पोक बद्द वाजेल तो ढिला. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. मग गाडी खाली घे, सीटवर दोन्ही हातांनी जोरात दाब आणि सोड. वर येऊन थांबली तर शॉकअपमध्ये अजून जीव आहे, बैलगाडीसारखी तीनदा वरखाली झाली तर आतलं तेल गेलं. ठण्ण आवाज मात्र वेगळा, तो बहुतेक शॉकअपच्या वरच्या-खालच्या डोळ्यातले, म्हणजे बोल्ट जायच्या कड्यातले, रबर संपले की येतो, लोखंडावर लोखंड आपटतं. रबर म्हणजे काही मोठा खर्च नाही.

आता समज चिमटा हलतोय. पेट्रोल टाकी काढून लांब ठेव, चाक काढ. येझदीत ही एक सोय भारी आहे, चाक निघतं आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, चेनसकट जागेवर राहतं. पण चिमटा काढायचा म्हणजे चेनचं पूर्ण कव्हर उतरवावं लागतं, आणि इंजिनकडं जाणारे जे दोन रबरी पाईप आहेत ते इतक्या वर्षांनी पापडासारखे झालेले असतात, ओढलेस तर तुकडा हातात येईल. गरम पाण्यात फडकं बुडवून त्यांना शेक दे, मऊ झाले की हळू सरकव. शॉकअप सोडायच्या आधी चिमट्याखाली लाकडी ठोकळा लाव, नाहीतर तो धाडकन खाली येतो आणि बोट मध्ये असलं तर मग काय सांगायचं.

चिमट्याची पिन ही खरी परीक्षा. गंजून बसलेली असते. आधी आठवडाभर रोज दोन्ही बाजूनं गंज सोडवायचं तेल मारत राहा, घाई नको. मग नट पिनच्या टोकाला बरोबर लेव्हलला आणून ठेव आणि पितळी दांडा मध्ये धरून ठोक. मी तरुणपणी नुसत्या हातोडीनं ठोकली होती. पिनचं डोकं अळंबीसारखं पसरलं, मग ती ना पुढं ना मागं, शेवटी हॅकसॉनं दोन्हीकडून कापली, एक अख्खा रविवार आणि चार ब्लेडं गेली आणि बायकोनं ओसरीवर पसरलेलं ग्रीस बघून दोन दिवस बोलणं सोडलं.

पिन निघाली की आत जुनं ग्रीस दिसेल, गुऱ्हाळातल्या काहिलीच्या बुडाला करपलेल्या पाकासारखं, काळं आणि टणक. रॉकेलनं धुऊन काढ. मग पिन कोरडी पुसून तिच्यावरनं लांबीच्या दिशेनं नख फिरव, जिथं बुश बसतात तिथं नख अडखळलं म्हणजे पिन पण झिजलीय. अशा पिनवर नवीन बुश घालून उपयोग नाही, झिजलेल्या जागेला सैल होतात आणि शेजारच्या चांगल्या जागेला अडकतात.

बुशसाठी मात्र घरी उगाच कुटाणे करू नकोस, आपण कोल्हापुरात राहतो. शिवाजी उद्यमनगरात जा, लेथवाला सापडायला वेळ लागत नाही. जुना बुश, पिन आणि चिमटा तिन्ही घेऊन जा, नुसतं माप सांगून काम होत नाही. गनमेटलचा (तांबं-कथिलाचा मिश्रधातू) बुश करायला सांग, आतून ग्रीसची खाच पाडून. आणि एक गोष्ट दोनदा सांग : आतलं भोक पिनच्या फायनल मापाचं आत्ताच करायचं नाही. बुश बाहेरून टाईट असतो ना, चिमट्यात दाबला की तो आवळला जातो आणि भोक लहान होतं. म्हणून भोक थोडं कमी ठेवायचं, दोन्ही बुश दाबून बसवायचे आणि मग एकच लांब रीमर, म्हणजे भोक बरोबर मापाला आणायचं हत्यार, दोन्हीतून आरपार फिरवायचा. वेगवेगळे रीम केले तर दोन भोकं एका रेषेत येत नाहीत, पिन एकात जाते आणि दुसऱ्याच्या तोंडाला अडते. मला एका ठिकाणी असंच करून दिलं होतं आणि वर 'चालवा, चालवून सेट होतंय' असं सांगितलं होतं. काही सेट होत नाही.

बुश हातोडीनं ठोकायचे नाहीत. लांब बोल्ट घे, दोन्ही टोकांना जाड वॉशर आणि नट, आणि पान्यानं ओढत ओढत आत घे. आदल्या रात्री बुश फ्रीजरमध्ये टाकलेस तर अजून सोपं जातं (घरात विचारून टाक). बसवल्यावर शॉकअप न लावता चिमटा आडवा धर आणि सोड. तो स्वतःच्या वजनानं सावकाश खाली यायला पाहिजे. धप्पकन पडला तर सैल, आणि वरच लटकून राहिला तर टाईट. आडवी हालचाल राहिली असेल तर बाजूच्या वॉशरची जाडी वाढवून मारायची.

काही जुन्या गाड्यांत गनमेटलऐवजी रबराचे बुश असतात, सायलेंट ब्लॉक. ते फिरत नाहीत, आतलं रबरच पिळलं जातं. त्यांना ग्रीस लावायचं नाही आणि त्यांचा नट गाडी स्टँडवर असताना टाईट करायचा नाही. गाडी जमिनीवर, कुणालातरी सीटवर बसव आणि तेव्हा आवळ. नाहीतर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

एवढं झाल्यावर शॉकअप. आधी खालच्या नळीचं तोंड बघ. खाचांचा नट असेल तर तो उघडतो, तोंड दाबून बंद केलेलं असेल तर तो सील पीस, म्हणजे न उघडणारा, त्याच्या नादाला लागू नकोस. तुझे उघडणारे आहेत असं धरून चालतो. डाव्या-उजव्यावर खूण कर आणि एका वेळी एकच खोल, दुसरा जोडलेला ठेव, जोडताना काय कुठं होतं ते बघायला.

स्प्रिंग दाबायला दोन लोखंडी पट्ट्या आणि दोन आट्यांचे रॉड घेऊन शिकंजा बनव, कुठलाही वेल्डर अर्ध्या तासात करून देईल. गुडघ्यानं दाबून आणि मित्रानं नट सोडून पण लोक करतात, मी बघितलंय, आणि त्यातल्या एकाचा दात पण बघितलाय. वरचं कव्हर खाली गेलं की काहींत दोन अर्धचंद्राचे तुकडे दिसतात ते काढायचे, काहींत वरचा डोळा आट्यांवर असतो आणि त्याखाली लॉकनट. आपलं तोंड कधीच शॉकअपच्या रेषेत आणायचं नाही.

दुसऱ्याची पण स्प्रिंग काढायची वेळ आली की दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी उभ्या कर. एक बुटकी दिसली तर जोडीच बदलायची. मग शॉकअपचा, नळीत आतबाहेर होणारा रॉड बघ. सगळा खेळ या रॉडवर आहे. क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे असले, नखाला लागले, तर नवीन सील, म्हणजे रॉडभोवती तेल अडवणारं रबरी कडं, महिनाभर पण टिकणार नाही, तो खड्डा सीलचं ओठ किसणीसारखं किसतो. पॉलिश पेपर मारून खड्डा जात नाही. रॉडला हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यायचा, हे काम पण बाहेरच द्यायचं. सील मिळत नाही म्हणून लोक रडतात, पण सीलला गाडीचं नाव लागत नाही, माप लागतं : रॉडचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. हायड्रॉलिकचे सील विकणाऱ्याकडं व्हर्नियरनं मोजून ही तीन मापं सांगायची. बसवताना बारीक स्प्रिंग असलेलं ओठ आत तेलाकडं, आणि रॉडच्या आट्यांवरनं सरकवताना आट्यांना प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, नाहीतर नवा सील तिथंच कापला जातो.

आता तेल. आत जे काही निघेल ते मोजून तेवढंच भरू नकोस, कारण गळून गळून उरलेलं ते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं शॉकअपचं किंवा पुढच्या चाकाच्या फोर्कचं तेल, आणि मेडिकलमधून मोठी सिरिंज आणून दोन्हीत अगदी सारखं. ब्रेक ऑइल अजिबात नाही, ते या सीलचं वाटोळं करतं. आणि 'जास्त घातलं तर जास्त चांगलं' हा विचार डोक्यातून काढ. शॉकअप दाबला की रॉड आत येतो, त्याला जागा लागते, ती जागा म्हणजे वर ठेवलेली हवा. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. काठोकाठ भरलंस तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात सील बाहेर किंवा रॉड वाकडा. भरल्यावर उभा धरून सावकाश दहा-पंधरा वेळा खालीवर कर, आधी मध्येच पोकळ लागेल, मग दोन्हीकडं सारखं जड लागायला लागलं की झालं. आडवा ठेवू नकोस, परत हवा मिसळते.

जोडून झालं की सुतळीनं दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का बघ, रंकाळ्याला एक चक्कर मार, घरी येऊन सगळे नट परत आवळ, आणि मग जोतिबाला जा. गगनबावडा पुढच्या रविवारी.

प्रश्न : आमच्या जुन्या बुलेटला बाजारात मिळणारे गॅसचे शॉकअप घालावेत का? दिसायला भारी आहेत. — कागल

उत्तर : दिसायला आहेतच. घालायचे तर डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी जुन्याइतकीच घ्या, इंचभर उंच घेतले की मागची बाजू उचलते, पुढचा फोर्क उभा होतो आणि हँडल चंचल होतं, स्टँडवर पण नीट उभी राहत नाही. आणि वरची पद्धत वापरून चिमटा आधी हलवून बघा. 1949 च्या सुमारास बुलेट आली तेव्हा मागं चिमटा आणि शॉकअप ही मोठी गोष्ट होती, बाकीच्या बऱ्याच गाड्यांना मागं स्प्रिंगच नव्हती किंवा प्लंजर होता, म्हणजे चाकाचा ॲक्सल दोन्हीकडं उभ्या नळीत वरखाली सरकायचा. जावा कंपनीची पेराक ही जुनी गाडी तशीच. बुलेटचं मोठेपण त्या चिमट्यात आहे, आणि तुम्ही त्याला ग्रीस कधी मारलंय ते आठवा.

प्रश्न : बाबांची राजदूत मी चालवते. एकटी असले की ठीक, पण आई मागं बसली की चाक मडगार्डला घासतं. ओळखीचे एकजण म्हणाले स्प्रिंगमध्ये रबराचे तुकडे अडकवा. — इचलकरंजी

उत्तर : ताई, रबराचे तुकडे नको. ते घातले की स्प्रिंगचे तेवढे वेढे काम करणं बंद करतात आणि बाकीच्यांवर लोड येतो, शिवाय गाडी दगडासारखी कडक होते आणि आईंची कंबर तुम्हालाच चोळून द्यावी लागेल. शॉकअपच्या बुडाला खाचांची रिंग आहे का बघा, असली तर डबलसीट जाताना दोन्हीकडं एकेक खाच वर घ्या, दोन्हीकडं सारखी. रिंग आधीच सगळ्यात वर असेल आणि तरी घासत असेल तर स्प्रिंग बसल्यात, जोडी बदला. तोवर टायर कुठल्या साईजचा आहे ते वाचून बघा, मध्ये कुणी मोठा टायर घातलेला असला तर स्प्रिंगला उगाच शिव्या बसतायत.